खंडणीच्या चॅटमध्ये कोण नाही?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात मला एक खजिना सापडला होता. निदान तेव्हा तसं वाटलं होतं. रॅन्समवेअरने ज्यांचे संगणक बंद पाडले त्या कंपन्या आणि ते बंद पाडणारे गुन्हेगार यांच्यातलं संभाषण, शब्दन्‌शब्द, वेळेच्या नोंदीसकट. कोणी किती मागितले, समोरच्याने किती कबूल केले, मध्ये किती तास गेले, सगळं लिहिलेलं. संख्याशास्त्रात एमएस्सी केलेल्या मुलीला आणखी काय हवं? महिनाभर बसून मी रकाने भरले, रिग्रेशन चालवलं आणि प्रगती सेमिनारला भलीमोठी स्लाइड-मालिका घेऊन गेले. ते प्रकरण आज माझ्या प्रबंधात नाही.

का नाही, ते सांगते. पण त्यासाठी आधी दुसऱ्याच एका अहवालाकडे बघू या. या विषयात शिरणारा जवळजवळ प्रत्येक जण तो वाचतो, आणि मला तो आवडतोसुद्धा. पण माझी चूक मला कळली ती त्याच्यातल्या एका वाक्यामुळे.

नोव्हेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या फॉक्स-आयटी या सायबर सुरक्षा कंपनीच्या (ही एनसीसी ग्रुपचा भाग आहे) पेपिन हॅक आणि झाँग-यू वू या दोन विश्लेषकांनी खंडणीच्या वाटाघाटींच्या अर्थकारणावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकात एका गुन्हेगाराचं वाक्य आहे: आम्ही थांबतो, कारण आम्ही तुम्हाला ओळखून आहोत, अशा अर्थाचं. सातशेहून जास्त वाटाघाटींचा डेटा त्यांनी वापरला. त्यांचे प्रश्न तीन: गुन्हेगार जास्तीत जास्त पैसे काढण्यासाठी किंमत कशी ठरवतात, त्यामुळे पीडित कंपनीची बाजू किती कमकुवत होते, आणि तिला स्वतःच्या बचावासाठी काय करता येतं.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. गुन्हेगार कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरतात, बरेचदा काही दिवस आत मुक्काम ठोकतात, फायली चोरून बाहेर नेतात आणि मग आतल्या फायली एन्क्रिप्ट करतात. स्क्रीनवर किंवा फोल्डरमध्ये एक चिठ्ठी राहते. तिच्यात डार्क वेबवरच्या एका पानाचा पत्ता असतो. ते पान उघडलं की समोर चॅटची खिडकी आणि बरेचदा उलटं मोजणारं घड्याळ. पुढचं सगळं तिथे घडतं. कंपनी म्हणते, आमच्या फायली खरंच उघडता येतात याचा पुरावा द्या. ते एक-दोन फायली उघडून पाठवतात. मग रकमेवर घासाघीस, मग बिटकॉइनचा पत्ता, मग किल्ली.

हे किती रुक्ष आणि व्यवहारी असतं याचा नमुना २०२० च्या जुलैत जगाला दिसला. सीडब्ल्यूटी ही कंपन्यांच्या प्रवासाची व्यवस्था बघणारी मोठी अमेरिकी कंपनी. तिच्यावर रॅग्नार लॉकर टोळीने हल्ला केला. वाटाघाटीची चॅट इंटरनेटवर उघडीच राहिली होती, त्यामुळे रॉयटर्सला ती वाचता आली. सुरुवातीची मागणी १ कोटी डॉलर. कंपनीच्या बाजूने बोलणाऱ्याने सांगितलं की कोविडमुळे धंदा बसलाय. सौदा ४५ लाख डॉलरना तुटला, ४१४ बिटकॉइन गेले. त्यानंतर टोळीने पुढच्या वेळी असं होऊ नये म्हणून काय काय करावं याच्या सूचनाही दिल्या, पासवर्ड कधी बदलावेत इथपासून. आपल्याकडे घर फोडून जाताना चोराने कडी कुठली बसवावी ते सांगितलं तर कसं वाटेल! पण चॅट वाचताना हसू येत नाही. दोन्ही बाजू इतक्या सभ्यपणे बोलतात की आपण कुठल्यातरी कंपनीच्या ग्राहक सेवेचं संभाषण वाचतोय असं वाटू लागतं, आणि ही सवय संशोधकाला घातक ठरते. त्याकडे पुढे येतेच.

आता अहवालाकडे. त्याची पहिली चांगली गोष्ट ही की तोवर रॅन्समवेअरवरचं बहुतेक काम तांत्रिक होतं: कुठला कोड, कुठली फट, कुठला सर्व्हर. पैशाच्या बाजूने जे लिहिलं जात होतं ते बरंचसं कागदावरच्या गणिती खेळांचं होतं. या दोघांनी प्रत्यक्ष संभाषणं घेतली. दुसरी गोष्ट, त्यांनी निव्वळ डॉलरचे आकडे मोजले नाहीत, खंडणीची तुलना कंपनीच्या वार्षिक उलाढालीशी केली. त्यातून दिसलं की मोठी कंपनी जास्त रक्कम देते, पण उलाढालीच्या प्रमाणात बघितलं तर लहान कंपनीला जास्त चटका बसतो. हा निष्कर्ष साधा आहे आणि महत्त्वाचा आहे. तिसरी गोष्ट म्हणजे शेवटी दिलेला व्यावहारिक सल्ला. तयारी नसताना चिठ्ठीतली लिंक उघडू नका, कारण घड्याळ तिथून सुरू होतं. विमा आहे हे सांगू नका, आणि विम्याची कागदपत्रं सहज हाती लागतील अशा सर्व्हरवर ठेवू नका. वेळ मागून घ्या. आदराने बोला. ज्याच्यावर वेळ आलीय त्याला हे पान खरंच उपयोगी पडेल.

पण तुम्ही संशोधक होणार आहात, म्हणून आता पद्धतीचं पान उघडा.

सातशेहून जास्त हा आकडा दोन संचांची बेरीज आहे. पहिल्या संचात २०१९ मधल्या ६८१ वाटाघाटी. दुसऱ्यात ३०, त्या २०२० च्या अखेरच्या आणि त्यानंतरच्या काही महिन्यांतल्या. अहवालाबद्दल लिहिताना लोक 'सातशे वाटाघाटींचा अभ्यास' असं लिहून मोकळे होतात. मोठ्या कंपन्यांबद्दलची जी विधानं पुढे सगळीकडे उद्धृत होतात ती मात्र त्या तिसांच्या संचावर बरीच अवलंबून आहेत. तीस हा आकडा लहान आहे म्हणून मी नाक मुरडत नाहीये. असा डेटा मिळणं किती कठीण आहे हे मला माहीत आहे. माझी तक्रार वेगळी आहे.

हे दोन संच दोन वेगळ्या गुन्ह्यांचे आहेत. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये मेझ नावाच्या टोळीने एका अमेरिकी सुरक्षा कंपनीच्या चोरलेल्या फायली पैसे न मिळाल्याने उघड प्रसिद्ध केल्या. तोवर सौदा मुख्यतः किल्लीचा होता: पैसे द्या, फायली उघडून घ्या. बॅकअप असेल तर तुम्ही मोकळे. मेझनंतर सौद्यात दुसरी वस्तू आली, गप्प राहण्याची. बॅकअप असला तरी ग्राहकांची माहिती बाहेर जाण्याची भीती उरतेच. म्हणजे पहिल्या संचातला पीडित आणि दुसऱ्या संचातला पीडित वेगवेगळी वस्तू विकत घेत होते. एक तांदूळ घेतोय, दुसरा तांदूळ आणि शिवाय वाण्याचं मौन. दोघांच्या बिलांवरून भावाचा एकच नियम काढायचा म्हणजे अवघड आहे. अहवालाने संच वेगळे ठेवलेत, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. निष्कर्षाच्या भाषेत मात्र ते एकत्र येतात.

आता ते वाक्य, ज्याने मला अडवलं. अहवालाच्या गोषवाऱ्यातच म्हटलंय की वाटाघाटी सुरू व्हायच्या आधीच गुन्हेगारांना पीडित शेवटी किती देणार हे माहीत असतं. हे वाचून तुमच्या डोक्यात काय येतं? माझ्या आलं होतं: बरोबर आहे, त्यांच्याकडे चोरलेली हिशोबाची कागदपत्रं असतात. आणि याला दुसरीकडून आधारही मिळाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये, रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर, कॉन्टी टोळीचे अंतर्गत संदेश फुटले, साठ हजारांच्या वर. त्यात ही मंडळी पीडित कंपनीची उलाढाल झूमइन्फोसारख्या व्यावसायिक माहिती पुरवणाऱ्या सेवांवरून शोधताना दिसतात. म्हणजे गृहपाठ करतात, यात शंका नाही.

पण उलाढाल माहीत असणं आणि शेवटची रक्कम माहीत असणं या दोन गोष्टी एक नाहीत. अहवालाच्या हाती आहेत ते शेवटचे आकडे आणि उलाढाली. त्यांचा एकमेकांशी संबंध दिसतो. हा संबंध गुन्हेगाराने आधीच किंमत ठरवली असेल तरी दिसेल. आणि त्याने काहीही ठरवलं नसेल, निव्वळ तोंडाला येईल ते मागितलं असेल, आणि प्रत्येक कंपनीने आपल्या ऐपतीपर्यंत घासाघीस केली असेल, तरीही अगदी तसाच दिसेल. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी दोन गिऱ्हाइकं बघा. बंगल्यातली बाई जास्त देते, चाळीतली कमी. यावरून भाजीवाल्याला दोघींचा शेवटचा आकडा आधीच ठाऊक होता असं सिद्ध होत नाही. दोन स्पष्टीकरणांपैकी कुठलं खरं हे कळायला गुन्हेगाराने आत ठरवलेला आकडा लागेल, आणि तो चॅटमध्ये नसतो.

याच्या उलटं उदाहरण म्हणून रॉयल मेल घ्या. जानेवारी २०२३ मध्ये लॉकबिटच्या हल्ल्याने ब्रिटनच्या या टपाल कंपनीची परदेशी पाठवणी ठप्प झाली. मागणी होती ८ कोटी डॉलर, आणि त्यामागचं गणितही लॉकबिटने उघड सांगितलं: तुमच्या उलाढालीच्या अर्धा टक्का. चोरलेली माहिती बाहेर आली तर सरकार उलाढालीच्या ४ टक्के, म्हणजे ६४ कोटी डॉलर दंड करेल, त्यापेक्षा आम्ही स्वस्त, असा युक्तिवाद. कंपनीच्या बाजूने बोलणाऱ्याने उत्तर दिलं की तुम्ही धरलेला आकडा आमचा नाहीच, आम्ही रॉयल मेल इंटरनॅशनल आहोत, त्या समूहाचा एक छोटा भाग. वाद कित्येक दिवस चालला. शेवटी पैसे मिळाले शून्य. 'आम्ही तुम्हाला ओळखून आहोत' म्हणणाऱ्यांनी इथे नक्की कोणाला ओळखलं होतं?

अर्थात एका उदाहरणाने अहवाल खोटा ठरत नाही. पण हे उदाहरण त्या अहवालाच्या पद्धतीत कुठे बसलं असतं हे विचारून बघा. शेवटचा तोडगाच नाही, म्हणजे शेवटच्या रकमेच्या विश्लेषणात ते येणारच नाही. जे ठरलं तेच मोजायचं म्हटलं की न ठरलेलं सगळं आपोआप गळतं.

इथे मी माझ्या सेमिनारवर येते. मी बावीस मिनिटं बोलले. मॅडमनी (माझ्या गाईड) एकच प्रश्न विचारला: "यात जे बोललेच नाहीत ते कुठे आहेत?" मी म्हटलं, त्यांचा डेटा नाही. त्या म्हणाल्या, "मग तुझं शीर्षक बदल. कंपन्या किती देतात असं नको. ज्या कंपन्या बोलायला बसल्या, आणि ज्यांचं बोलणं कोणीतरी बाहेर काढलं, त्या किती देतात, असं लिही." सगळे हसले. मीही हसले. रात्री मात्र झोप लागली नाही.

आणि गंमत अशी की न बोललेला एक जण माझ्या ओळखीतच होता. मामाच्या मित्राचं भोसरी एमआयडीसीत जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप आहे. एका सोमवारी टॅली उघडेना. फायलींची नावं विचित्र झालेली, डेस्कटॉपवर इंग्रजी चिठ्ठी. हिशोब बघणाऱ्या मुलाने व्हायरस समजून दुपारपर्यंत मशीन फॉरमॅट करून टाकलं. सीएच्या ऑफिसात मार्चपर्यंतचा बॅकअप होता. पुढच्या चार महिन्यांची बिलं दोघांनी बसून तीन आठवडे परत टाइप केली. मी काकांना विचारलं, ते किती मागत होते? काका म्हणाले, "कुणाला माहीत बाई! ती चिठ्ठी आम्ही धड वाचलीसुद्धा नाही."

मी डेटा-डेटा करत डार्क वेबच्या नकला चाळत होते आणि हा माणूस आमच्या घरी दिवाळीला फराळाला येऊन गेला होता. हल्ला झाला, नुकसान झालं, खंडणी मागितली गेली, आणि तरी जगातल्या कुठल्याही वाटाघाटीच्या संचात याचं नाव येणार नाही. त्याने लिंक उघडली नाही, म्हणून घड्याळ सुरू झालं नाही, म्हणून तो आमच्या लेखी अस्तित्वातच नाही. त्याच्यासारखे किती असतील? नेमका हाच आकडा लागतो आणि चॅटमधून तोच मिळत नाही.

छेदात कोण हा प्रश्न एकदा डोक्यात बसला की या क्षेत्रातला प्रत्येक आकडा वेगळा दिसायला लागतो. कोव्हवेअर ही खंडणीच्या वाटाघाटी करून देणारी कंपनी दर तिमाहीला किती टक्के पीडितांनी पैसे दिले ते प्रसिद्ध करते. २०१९ च्या पहिल्या तिमाहीत ८५ टक्के, २०२४ च्या शेवटच्या तिमाहीत २५ टक्के. घसरण खरी आहे असं मलाही वाटतं. पण छेदात आहेत ते कोव्हवेअरकडे गेलेले लोक. वर्कशॉपवाले काका तिथेही नाहीत. दुसऱ्या टोकाला सर्वेक्षणं, म्हणजे कंपन्यांनाच विचारायचं की पैसे दिलेत का. तिथली अडचण २०१९ मध्ये प्रोपब्लिका या अमेरिकी शोधपत्रकारितेच्या संस्थेने दाखवून दिली. आमच्या तंत्राने तुमच्या फायली सोडवतो असं सांगणाऱ्या काही कंपन्या प्रत्यक्षात गुपचूप खंडणी भरून किल्ली आणत होत्या. त्यांच्या गिऱ्हाइकाने सर्वेक्षणात प्रामाणिकपणे 'नाही दिले' असं लिहिलं असतं! तिसरा मार्ग पोलिसांच्या नोंदींचा. नेदरलँड्समध्ये टॉम म्यूर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डच पोलिसांकडे आलेल्या प्रकरणांवर काम केलंय, त्यात पैसे न देणारेही येतात. मला या तिन्हींत तो मार्ग सगळ्यात भरवशाचा वाटतो. पण तिथेही तक्रार करणारेच.

शिवाय चॅट आपल्यापर्यंत कशी पोचली हेही बघायला हवं. सीडब्ल्यूटीची उघडी राहिली म्हणून. रॉयल मेलची लॉकबिटने स्वतः प्रसिद्ध केली, फेब्रुवारी २०२३ मध्ये, पैसे न मिळाल्यावर. ती प्रसिद्ध करणं हासुद्धा वाटाघाटीचाच एक डाव होता, पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी. आणि मे २०२५ मध्ये लॉकबिटचंच पॅनेल कोणीतरी फोडलं, 'गुन्हे करू नका' असा प्रागहून निरोप ठेवला, आणि डिसेंबर २०२४ ते एप्रिल २०२५ या काळातले वाटाघाटींचे ४,४४२ संदेश बाहेर टाकले. यातला तिसरा प्रकार संशोधकाला सगळ्यात बरा, कारण त्यात निवड कोणी केलेली नाही, त्या काळातलं त्या पॅनेलवरचं जे होतं ते सगळं आलं. दुसरा प्रकार सगळ्यात वाईट. मी माझ्या तक्त्यात तिन्ही एकत्र ओतले होते. स्रोताचा रकानासुद्धा ठेवला नव्हता. आज आठवलं की कान गरम होतात.

सवलतीच्या टक्केवारीबद्दलही बोलायला हवं, कारण माझं रिग्रेशन त्यावरच उभं होतं. पहिल्या मागणीतून किती टक्के कमी झाले, हे वाटाघाटीच्या यशाचं माप म्हणून सर्रास वापरतात. सीडब्ल्यूटीत १ कोटीचे ४५ लाख, म्हणजे ५५ टक्के सवलत. २०२० च्याच जूनमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या वैद्यकीय विद्यापीठाकडे नेटवॉकर टोळीने ३० लाख डॉलर मागितले. बीबीसीला ती चॅट बघता आली होती. विद्यापीठाने ७ लाख ८० हजार देऊ केले, टोळीने ते हिणवून नाकारले, आणि शेवट ११ लाख ४० हजारांच्या आसपास झाला. म्हणजे ६२ टक्के सवलत. विद्यापीठाने चांगली घासाघीस केली? सांगता येत नाही. गुन्हेगाराला ११ लाख हवे असतील आणि त्याने ३० मागितले असतील, तर ६२ टक्के ही त्याच्या थापेची मोजणी झाली, विद्यापीठाच्या कौशल्याची नव्हे. सेलमध्ये आधी किंमत वाढवून मग ५० टक्के सूट लावतात ते आपल्याला दुकानात बरोबर कळतं, एक्सेलमध्ये कळत नाही.

फॉक्स-आयटीच्या सल्ल्यांनाही हेच लागू होतं. वेळ मागा, आदराने बोला, वगैरे. प्रत्येक सल्ल्यासोबत एखाद्या चॅटचा दाखला आहे. पण जिथे वेळ मागितला आणि काम झालं त्याच्या शेजारी, वेळ मागितला आणि काम बिघडलं अशी प्रकरणं किती, ही तुलना नाही. कोण वेळ मागू शकतं? ज्याच्याकडे बॅकअप आहे तो. कोण शांतपणे, आदराने बोलू शकतं? बहुतेक वेळा तोच, किंवा ज्याने व्यावसायिक वाटाघाटी करणारा नेमलाय तो. मग कमी रक्कम आदरामुळे की बॅकअपमुळे? चॅटमध्ये बॅकअपचा उल्लेख नसतो, शहाणा माणूस तो करणारच नाही. त्यातून समोरची बाजूही शिकत असते. अहवाल येण्याच्या दोनच महिने आधी, सप्टेंबर २०२१ मध्ये, रॅग्नार लॉकर आणि ग्रीफ या टोळ्यांनी जाहीर धमकी दिली होती की व्यावसायिक मध्यस्थ आणलात तर डेटा गेला समजा.

आता त्या सभ्य भाषेबद्दल. चॅट हा पुरावा आहे, पण कशाचा? रॉयल मेलच्या वतीने बोलणाऱ्याने वैद्यकीय साहित्य अडकलंय असं सांगून काही विशिष्ट फायली नमुना म्हणून उघडून मागितल्या. त्या उघडून मिळाल्या असत्या तर यंत्रणा परत उभी करायला मदत झाली असती, असा संशय समोरच्यांना आला. हे वाक्य तुम्ही कुठल्या रकान्यात टाकाल? भावनिक आवाहन? तांत्रिक विनंती? वेळकाढूपणा? दोन्ही बाजू खोटं बोलतायत आणि दोघांनाही ते ठाऊक आहे, अशा संभाषणावर आपण 'सहकार्याची पातळी: १ ते ५' असे गुण देतो. मीही दिले होते.

आणि चॅटमध्ये दोनच पक्ष असतात हेही गृहीतच. जुने गणिती नमुने दोघांचेच आहेत. १९७७ मध्ये राइनहार्ड झेल्टेन यांनी अपहरणाचा एक साधा खेळ मांडला होता: अपहरणकर्ता मागणी करतो, कुटुंब उलट बोली लावतं, बोली फार कमी पडली तर तो डोकं फिरून ओलीस मारण्याची शक्यता वाढते. २०१९ मध्ये एडवर्ड कार्टराइट, हुलिओ हर्नांडेझ-कास्त्रो आणि ॲना कार्टराइट यांनी याच परंपरेतले नमुने रॅन्समवेअरला लावून बघितले. पेपर छान आहे, गणित येत असेल तर जरूर वाचा. पण त्यातला ओलीस एकच आहे, सुटला की सुटला. चोरलेल्या फायलीचं तसं नसतं, तिची नक्कल राहते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटनच्या नॅशनल क्राइम एजन्सीने इतर देशांच्या पोलिसांसह लॉकबिटची यंत्रणा ताब्यात घेतली तेव्हा पैसे भरलेल्यांचा डेटासुद्धा तिथे सापडला. त्याच सुमारास अमेरिकेतल्या चेंज हेल्थकेअर प्रकरणात २ कोटी २० लाख डॉलर दिले गेले ते ब्लॅककॅट टोळीला. प्रत्यक्ष हल्ला करणाऱ्या भागीदाराचा दावा असा की मूळ टोळीने त्याचा वाटा बुडवला, डेटा माझ्याकडेच आहे. काही आठवड्यांनी दुसऱ्याच टोळीच्या नावाने पुन्हा मागणी आली. आता या वाटाघाटीचा 'शेवटचा तोडगा' म्हणून कुठला आकडा लिहायचा?

एक टोक असंही आहे जिथे वाटाघाटीच शक्य नव्हती. जून २०१७ मधल्या नॉटपेट्याने न्हावा-शेवा बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल बंद पाडलं होतं. स्क्रीनवर ३०० डॉलरची मागणी होती, पण संपर्काचा ईमेल पत्ता सेवा देणाऱ्यानेच बंद केला होता. दिसायला खंडणी, मुळात विध्वंस. मागणीच्या यादीत येतो, वाटाघाटीच्या यादीत नाही.

नैतिकतेची बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण तुमची समिती ते विचारेल आणि विचारायलाच हवं. या चॅटमध्ये बोलणारा माणूस आयुष्यातल्या फार वाईट आठवड्यात बोलत असतो. त्याने संमती दिलेली नाही. 'आधीच इंटरनेटवर आहे' हे उत्तर मी दिलं होतं, आणि समितीतल्या एका सरांनी शांतपणे विचारलं की चोरीचा माल रस्त्यावर पडलेला सापडला तर तो तुमचा होतो का. फॉक्स-आयटीने पीडितांची नावं दिली नाहीत, ते योग्यच केलं. त्याची किंमत अशी की त्यांचं काम दुसऱ्या कोणाला तपासता येत नाही. ही ओढाताण सुटणारी नाही. मी आता शब्दशः अवतरणं देत नाही, कारण शोधलं की कंपनी सापडते. लहान कंपन्यांच्या उलाढाली गटांत देते.

अहवाल वाचू नका असं मी म्हणत नाहीये. वाचाच. फक्त शेवटाकडून सुरुवातीकडे वाचा: आधी सल्ले, मग संच, मग गोषवारा. सल्ल्यांचं वजन एका व्यावसायिकाच्या अनुभवाइतकं धरा, आणि ते कमी नसतं. उलाढालीच्या प्रमाणाचा निष्कर्ष घ्या, 'आधीच माहीत असतं' हे सोडा.

आणि हात घाण करून बघायचे असतील तर रॉयल मेलची चॅट घ्या, मैत्रिणीला दुसऱ्या खोलीत बसवा, आणि दोघींनी प्रत्येक संदेशाला वेगवेगळं लेबल लावा. मी आणि माझ्या एका ज्युनिअरने हे केलं. पैशाच्या आकड्यांवर काहीच वाद झाला नाही. सगळ्यात जास्त मतभेद 'धमकी' या रकान्यात आले. ते ६४ कोटींच्या दंडाचं वाक्य मी धमकी म्हणून लिहिलं होतं. तिने लिहिलं होतं, 'सवलतीची जाहिरात'. अर्धा तास भांडून आम्ही तो रकानाच दोन भागांत तोडला, आणि आधीच्या सगळ्या चॅट पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतल्या.